लग्न की लिव्ह-इन? जोडपी काय निवडतात, का निवडतात आणि मुंबईत त्याचे कागद कसे लागतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न न करता एकत्र राहणं हा गुन्हा आहे का?

नाही. दोघंही सज्ञान असतील आणि आपल्या मर्जीने राहत असतील, तर तो गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लता सिंह आणि २०१० मध्ये एस. खुशबू या खटल्यांत हे स्पष्ट केलं आहे. मुलगा १८ पूर्ण पण २१ चा नसेल, तर त्याला लग्न करता येत नाही, एकत्र राहता येतं, असं २०१८ च्या नंदकुमार निकालात म्हटलं आहे. मात्र गुन्हा नाही याचा अर्थ हक्क मिळाले असा होत नाही. खालचे बहुतेक प्रश्न याच फटीतून निघतात.

काही देशांत निम्म्याहून जास्त मुलं लग्नाविना जन्मतात आणि काही ठिकाणी जवळजवळ एकही नाही. इतका फरक का?

लोक याचं उत्तर ‘संस्कार’ या एका शब्दात देऊन मोकळे होतात. बारकाईने पाहिलं तर फरक कागदांत सापडतो. पेन्शन, कर, घर, आडनाव, वारसा यांतलं काय काय लग्नाच्या खुंटीला टांगलं आहे, त्यावर लोकांची निवड ठरते.

स्वीडन बघा. तिथे १९७१ पासून नवरा-बायकोचा प्राप्तिकर वेगवेगळा धरतात. १९७४ पासून बाळंतपणाची रजा आई आणि बाप दोघांना मिळते. बाईचं पोट नवऱ्याच्या पगारावर अवलंबून राहिलं नाही, तशी लग्नाची निकडही ओसरली. लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला तिथे ‘साम्बो’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी २००३ चा वेगळा कायदा आहे. वेगळं होताना दोघांनी एकत्र राहण्यासाठी घेतलेलं घर आणि घरसामान अर्धं-अर्धं होतं. बँकेतले पैसे, गाडी, सुट्टीतलं कॉटेज ज्याचं त्याचं. जोडीदार गेला तर मृत्युपत्राशिवाय साम्बोला वारसा मात्र मिळत नाही.

आता त्याच स्वीडनमधली उलटी गंमत. १९९० पासून विधवा पेन्शन बंद होणार होतं. १९८९ अखेरपर्यंत लग्न झालेल्या स्त्रियांना काही अटींवर जुना हक्क राहणार होता. १९८८ मध्ये देशात सुमारे ४४ हजार लग्नं झाली होती, १९८९ मध्ये सुमारे १ लाख ९ हजार. एका वर्षात स्वीडिश माणसाचे संस्कार बदलले नव्हते, पेन्शनचा नियम बदलला होता.

फ्रान्सने १९९९ मध्ये ‘पॅक्स’ नावाचा मधला मार्ग काढला. नगरपालिकेत नोंदणी करायची, कर एकत्र भरायचा आणि नको झालं तर एकाने कळवूनही ते संपवता येतं. मूळ मागणी समलिंगी जोडप्यांच्या हक्कांची होती. आज पॅक्स करणाऱ्यांत स्त्री-पुरुष जोडपी कितीतरी जास्त आहेत.

जपानमध्ये लग्नाबाहेर जन्मणारी मुलं दोनेक टक्के. तिथे कुटुंबाचं एकच सरकारी नोंदणीपत्रक असतं आणि लग्न केलं की दोघांचं आडनाव एकच असावं लागतं. सुमारे ९५ टक्के वेळा बाईच आपलं आडनाव सोडते. ‘जिजित्सुकोन’, म्हणजे नोंद न करता नवरा-बायकोसारखं राहणं, निवडणाऱ्या काहींचा आक्षेप या आडनावालाच असतो.

मग धर्माचा काहीच संबंध नाही?

आहे, पण सरळ रेषेत नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये १९६० च्या दशकात लोकांनी चर्चकडे पाठ फिरवली आणि चर्चबरोबर लग्नही मागे पडलं. तिथल्या कायद्याने विनाविवाह जोडप्यांना वेगळं होताना फारसं काही दिलं नव्हतं. आता ३० जून २०२५ पासून ज्या जोडप्यांना मूल झालं किंवा होईल, त्यांच्यासाठी घर आणि घरसामान वाटून घेण्याची व्यवस्था आपोआप लागू होते.

फिलिपिन्समध्ये उलट चित्र आहे. चर्चचा पगडा घट्ट, पण मुस्लिम सोडले तर इतरांना घटस्फोटच नाही. आत शिरल्यावर बाहेर पडायचं दार नसेल, तर गरीब माणूस आत शिरायलाच कचरतो. शिवाय लग्नाच्या जेवणावळीचा खर्च असतोच. कोलंबियासारख्या लॅटिन अमेरिकन देशांत लग्नाविना संसार वसाहतकाळापासून चालत आला आहे. १९९० च्या कायद्याने तिथे दोन वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याची मालमत्ता सामाईक धरता येते. न्यूझीलंडमध्ये साधारण तीन वर्षं राहिलं, की घर आणि संसाराची मालमत्ता निम्मी-निम्मी.

आणि इंडोनेशियाच्या नव्या दंडसंहितेत लग्नाविना एकत्र राहणं गुन्हा आहे. तक्रार मात्र लग्नाचा नवरा किंवा बायको, आई-वडील किंवा मुलंच करू शकतात.

आपल्याकडे हे फॅड नवीनच ना?

शब्द नवीन आहे. राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या गरासिया समाजात आधी एकत्र राहायचं आणि पैसे जमले की लग्न लावायचं ही जुनी रीत आहे. झारखंडमध्ये अशा जोडप्यांना ‘ढुकू’ म्हणतात. गावजेवण घालायची ऐपत नाही म्हणून लग्न राहून जातं आणि मग कधीतरी सामुदायिक विवाहात आई-बाप आणि त्यांचा मुलगा एकाच मांडवात बोहल्यावर चढतात. गुजरातमध्ये १९७० च्या दशकात ‘मैत्री करार’ चालायचा. त्यात बहुतेकदा आधीच लग्न झालेला पुरुष दुसऱ्या बाईशी स्टँप पेपरवर करार करायचा. त्या कागदाने बाईच्या हाती फारसं काही लागलं नाही. आजच्या ‘लिव्ह-इन अ‍ॅग्रीमेंट’कडे बघताना हे लक्षात ठेवा.

मुंबईत लोक लग्न करतात ते नक्की कशासाठी?

बऱ्याचदा घरासाठी, म्हणजे भिंती आणि छपराच्या घरासाठी. भाड्याचं घर, गृहकर्ज, पागडीची (मालकाला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली) खोली, सगळीकडे ‘नातं’ नावाचा रकाना असतो आणि त्यात ‘जोडीदार’ लिहिलं की समोरचा पेन खाली ठेवतो.

एक अपवाद सांगायलाच हवा. म्हाडाच्या सोडतीत पती-पत्नीचं उत्पन्न एकत्र धरून गट ठरतो आणि दोघांपैकी कुणाच्या नावावर त्या हद्दीत घर नसावं लागतं. लग्न न झालेल्या दोघांना स्वतंत्र अर्ज करता येतात, प्रत्येकाचं उत्पन्न वेगळं धरलं जातं. घरासाठी लग्न करणारे पुष्कळ, सोडत होईपर्यंत लग्नाची नोंदणी लांबवणारेही आहेत.

भाड्याने घर घेताना काय करावं?

दोघांची नावं लीव्ह अँड लायसन्स करारात, म्हणजे भाडेकरारात, घाला. हे एक केलं तरी पुढचे निम्मे त्रास टळतात. सर्रास होतं असं: ब्रोकर सांगतो, ‘मॅडमचं नाव नको, सोसायटी अडवेल, सरांच्या एकट्याच्या नावावर करू.’ मग वर्षभराने भांडण झालं की मॅडमकडे त्या पत्त्याचा एकही कागद नसतो आणि डिपॉझिटमध्ये तिने घातलेले पैसे सरांच्या खात्यात परत येतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के या रकमेवर लागतं. मुंबईत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट यंत्र घेऊन घरी येतो आणि आधारवर अंगठा घेतो, तेव्हा दोघांचेही अंगठे झाले ना ते बघा. डिपॉझिट दोघांनी आपापल्या खात्यातून थेट मालकाला पाठवा आणि दोन्ही रकमा करारात वेगळ्या लिहून घ्या.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती ऑनलाइन भरता येते. तिथे खोटं ‘पती-पत्नी’ लिहू नका. मालकाला आधी खरं सांगा. नंतर खोटं उघडं पडलं तर घर सोडायला लावायचं आयतं कारण मिळतं.

सोसायटी ‘फक्त फॅमिली’ म्हणून अडवू शकते का?

‘लग्न न झालेल्यांना बंदी’ असा नियम कोणत्याही कायद्यात नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) भाडेकरू ठेवताना सोसायटीला कळवणं अपेक्षित आहे. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. व्यवहारात मात्र सेक्रेटरीशी भांडून आत शिरलेला भाडेकरू अकराव्या महिन्यात बाहेर असतो, कारण नूतनीकरण मालकाच्या मर्जीवर असतं. सोसायटीचा लेखी नकार मागा. बहुतेक वेळा तो कुणी देत नाही आणि तिथेच विषय थंडावतो. तोंडी कुरबुर करणारा मालक असेल तर दुसरी जागा बघणं स्वस्त पडतं.

दोघांनी मिळून फ्लॅट विकत घ्यायचा असेल तर?

इथे चुका महागात जातात. सर्वांत मोठी चूक म्हणजे पैसे एकाचे आणि फ्लॅट पूर्ण दुसऱ्याच्या नावावर. नवरा-बायको असाल तर ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या नावावर घेतलेल्या घराला बेनामी कायद्यात (पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं अशा व्यवहारांना बंदी घालणाऱ्या कायद्यात) सूट आहे. लिव्ह-इन जोडीदाराला ती सूट नाही. बेनामी ठरलं तर मालमत्ता जप्त होऊ शकते, शिवाय १ ते ७ वर्षं कैद आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. तेव्हा करारनाम्यात दोघांची नावं आणि हिस्सा टक्केवारीत लिहा. जो जितके भरतो तितका त्याचा हिस्सा. हप्ते प्रत्येकाने आपल्या खात्यातून भरायचे.

गृहकर्ज देताना बँका सहकर्जदार म्हणून सहसा नवरा-बायको किंवा रक्ताचं नातं मागतात. करारावर सही करायच्या आधी बँकेकडून लेखी मंजुरी घ्या, नाहीतर टोकन म्हणून दिलेली आगाऊ रक्कम अडकते. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते. एवढ्यासाठी नाव गाळू नका.

नंतर हिस्सा भेट द्यायचा म्हटलं तर नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र २०० रुपये मुद्रांकावर होतं. लिव्ह-इनमध्ये पूर्ण शुल्क लागतं. शिवाय भेटीचं मूल्य ५०,००० रुपयांच्या वर गेलं तर घेणाऱ्याला प्राप्तिकरही लागतो.

किती वर्षं एकत्र राहिलं की ‘आपोआप’ लग्न होतं?

असा आकडा नाही. दोन वर्षं, पाच वर्षं, सात वर्षं या साऱ्या कट्ट्यावरच्या गोष्टी. इंग्लंडमध्येही असाच ‘कॉमन लॉ मॅरेज’चा गैरसमज टिकून आहे. तिथे तर १७५३ च्या कायद्यानेच अनौपचारिक लग्नांना मोडीत काढलं.

आपल्याकडे दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिलेल्यांचं लग्न झालं आहे असं न्यायालय गृहीत धरतं. १९७८ च्या बद्रीप्रसाद खटल्यात सुमारे ५० वर्षांचा संसार होता. पण हे गृहीतक खोडता येतं. कुणी एकाचं आधीचं लग्न अजून कायम असल्याचं दाखवलं, की संपलं.

बाईला पोटगी किंवा संरक्षण मिळतं का?

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मध्ये ‘विवाहसदृश नातं’ धरलं आहे. २०१० च्या वेलुसामी निकालात त्याच्या चार खुणा सांगितल्या: समाजात जोडपं म्हणून वावर, लग्नाचं वय, दोघंही लग्नाला पात्र म्हणजे अविवाहित वगैरे, आणि आपखुशीने बराच काळ एकत्र वास्तव्य. शनिवार-रविवार एकमेकांकडे राहणं यात बसत नाही. पुरुष विवाहित आहे हे माहीत असूनही राहिलेल्या बाईला २०१३ च्या इंद्रा सरमा निकालात संरक्षण मिळालं नाही.

नातं यात बसलं, तर राहत्या घरातून हाकलण्याला मनाई, खर्चाची रक्कम, भरपाई हे दंडाधिकाऱ्यांकडून मिळू शकतं. अर्ज फक्त स्त्रीला करता येतो. पुरावा म्हणून भाडेकरार, एकत्र खातं, त्या पत्त्यावरचं आधार, गॅसचं पुस्तक आणि नातेवाइकांच्या समारंभातले फोटोसुद्धा चालतात. फोटो मोबाइलमध्ये ठेवून मोबाइल हरवला ही नेहमीची रड, म्हणून प्रत दुसरीकडे ठेवा.

पुरुषांकडून विचारला जाणारा प्रश्न कलम ६९ चा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, मुळात लग्नाचा हेतू नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा १० वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सुरुवातीपासून फसवणूक असणं आणि पुढे नातं फिसकटणं यांत न्यायालयं फरक करतात. ‘बघू पुढे लग्नाचं’ असं मोघम बोलत राहण्यापेक्षा जे आहे ते स्पष्ट बोललेलं दोघांच्याही हिताचं.

मूल झालं तर?

जन्माची नोंद २१ दिवसांत करा. आईचं एकटीचं नाव चालतं. अविवाहित आईला पालकत्वासाठी वडिलांचं नाव उघड करायची सक्ती नाही, असा २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. वारशाचा प्रश्न किचकट आहे. रद्दबातल विवाहातल्या मुलांना आई-वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळतो आणि एकत्र कुटुंबात वडिलांच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही मिळतो, असं सप्टेंबर २०२३ मध्ये ठरलं. काका-आत्यांच्या मालमत्तेत नाही. लग्न झालंच नसेल, तर आई-वडिलांचा सहवास लग्नासारखा होता हे दाखवावं लागतं. वडिलांनी मृत्युपत्र केलं तर हा खटाटोप वाचतो.

दत्तक घ्यायला जोडप्याचं किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन लागतं. लिव्ह-इन जोडप्याला एकत्र दत्तक घेता येत नाही, एकट्याने येतं. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. सरोगसीचा मार्गही लिव्ह-इन जोडप्याला बंद आहे.

नॉमिनी केलं आहे, मग काळजी नाही ना?

आहे. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा. मालक वारसच. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. लिव्ह-इन जोडीदार हिंदू वारसा कायद्यात कुठल्याच यादीत नाही. पुतण्या येईल, तुम्ही नाही. आयुर्विम्यात ‘लाभार्थी नॉमिनी’, म्हणजे पैशांचा खरा मालक ठरणारा नॉमिनी, होण्याचा हक्क आई-वडील, पती-पत्नी आणि मुलांपुरता आहे.

उपाय एकच, मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. ज्याला मिळणार त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी ऐच्छिक आहे, पण नातेवाईक वाद घालतील अशी शंका असेल तर दुय्यम निबंधकाकडे कराच. फ्लॅट नंबर, शेअर सर्टिफिकेट नंबर, खाते क्रमांक स्पष्ट लिहा. ‘माझं सर्व काही हिला’ एवढ्यावर सोडू नका.

पागडीच्या खोलीत हा प्रश्न आणखी बिकट होतो. भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या ‘कुटुंबातील सदस्याकडे’ भाडेहक्क जातो. तुम्ही कुटुंब की पाहुणे, यावर मालक न्यायालयात जायला उत्सुकच असतो.

हॉस्पिटलमध्ये सही कोण करणार?

शुद्धीवर असलेला सज्ञान रुग्ण स्वतःच. शुद्ध हरपली तर काउंटरवर ‘नातेवाईक कोण?’ हा प्रश्न येतो. त्यासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र करून ठेवा. जानेवारी २०२३ च्या सुधारित नियमांनुसार दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. जोडीदाराचं नाव निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून त्यात लिहा आणि एक प्रत फोनमध्ये ठेवा. हे पत्र उपचार थांबवण्या-न थांबवण्याबद्दलचं आहे. रोजच्या सह्यांना ते बंधनकारक नसलं, तरी तुम्ही कोण ते सिद्ध करायला कामी येतं.

साठीनंतरची जोडपी लिव्ह-इन का निवडतात?

स्वीडनची पेन्शनची गोष्ट इथे उलटी चालते. बऱ्याच योजनांत विधवेने पुनर्विवाह केला की कुटुंब निवृत्तिवेतन थांबतं. दुसरं कारण मुलं. आईने लग्न केलं तर दादरचा फ्लॅट कुणाचा, ही धास्ती बोलून न दाखवता घरभर वावरत असते. अशांनी आधी आपापली मृत्युपत्रं करावीत, जोडीदाराला हयातभर राहण्याचा हक्क आणि मालकी मुलांना अशी वाटणी करावी, आणि ती मुलांना वाचून दाखवावी. दुसऱ्याच दिवशी सूर बदलतो.

रजिस्टर लग्न करायचं ठरलं. पायऱ्या कोणत्या?

विशेष विवाह कायदा १९५४. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस राहत असला पाहिजे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. गिरगावचा पत्ता घेऊन उपनगरच्या विवाह अधिकाऱ्याकडे गेलात तर हात हलवत परत याल. ठाणे, पालघर आणखी वेगळे.

नोटीस दिली की ती कार्यालयातल्या फलकावर ३० दिवस लागते, नाव-पत्त्यासकट. एकाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर प्रत तिथेही जाते. घरच्यांना न सांगता लग्न करणाऱ्यांचं बिंग साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या फलकावर फुटतं ते असं. आक्षेप फक्त चार बाबींवर ग्राह्य धरतात: आधीचा जोडीदार हयात असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता, वय, निषिद्ध नातं. जात, धर्म आणि आई-वडिलांची नाराजी यांत बसत नाही.

३० दिवसांनंतर, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. तारीख हुकली की सगळं पुन्हा. तीन साक्षीदार ओळखपत्रासह लागतात. आधारवरचं नाव, जन्मदाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल तर आधी तेच दुरुस्त करा. सर्वांत जास्त फेऱ्या इथेच होतात.

आंतरधर्मीय जोडप्यांनी ध्यानात ठेवावं की या कायद्याखाली लग्न केल्यावर त्यांच्या मालमत्तेला भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हिंदू वारसा कायदाच राहतो.

देवळात हार घातले आणि वॉर्ड ऑफिसात नोंदणी केली, एवढं पुरे?

विधी खरोखर झाले असतील तर पुरे. नुसता व्हिसासाठी दाखला काढला आणि ‘खरं लग्न डिसेंबरमध्ये हॉलवर’ असं ठरवलं, तर तो दाखला पोकळ ठरू शकतो. हिंदू विवाह कायद्यानुसार विधीशिवाय केवळ नोंदणीने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. विधींचे फोटो आणि पुरोहिताची सही जपा. विधी नकोच असतील तर विशेष विवाह कायदा बरा, तिथे ते लागतच नाहीत.

समलिंगी जोडप्यांना काय पर्याय?

लग्न नाही, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ते संसदेवर सोडलं. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असा खुलासा केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये केला. बाकी मृत्युपत्र, वैद्यकीय निर्देशपत्र, करारात दोघांची नावं हे वर सांगितलेलं सगळं त्यांना जास्तच लागू.

उत्तराखंडसारखी लिव्ह-इनची नोंदणी मुंबईत लागते का?

महाराष्ट्रात नाही. उत्तराखंडचा कायदा २७ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. एका महिन्यात नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. तो त्या राज्याच्या रहिवाशांना राज्याबाहेरही धरतो. तेव्हा जोडीदार मूळचा तिथला असेल तर चौकशी करा.

वेगळं व्हायचं ठरलं तर?

लग्न असेल तर वांद्र्याचं कुटुंब न्यायालय. परस्परसंमतीच्या घटस्फोटाला एक वर्षाचं विभक्त राहणं आणि सहा महिन्यांची मुदत लागते. ही मुदत २०१७ पासून योग्य प्रकरणांत माफ होऊ शकते. लिव्ह-इनमध्ये न्यायालयात जायचं कारण नाही, पण यादी आहे: मालकाला करारानुसार महिन्याची नोटीस, डिपॉझिट ज्याचं त्याच्या खात्यात, वीजबिलावरचं नाव, गॅस कनेक्शनचं हस्तांतर, आधारचा पत्ता, एकत्र खातं बंद, आणि विम्यातलं व पीएफमधलं नॉमिनीचं नाव. शेवटचं सर्वांत जास्त विसरलं जातं.